पुण्याच्या आयसरमध्ये बीएस-एमएस प्रवेश: पात्रता, परीक्षा आणि कागदपत्रे

बारावी विज्ञानाच्या वर्षात पुण्यातील बहुतेक घरांमध्ये एमएचटी-सीईटी, जेईई आणि नीट या तीनच परीक्षांची चर्चा होते. ज्या विद्यार्थ्याला अभियंता किंवा डॉक्टर व्हायचे नसून मूलभूत विज्ञानच शिकायचे आहे, त्याच्यासाठी पाषाणच्या होमी भाभा रस्त्यावर, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शेजारी, भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था म्हणजेच आयसर पुणे ही संस्था २००६ पासून उभी आहे. केंद्र सरकारने त्या वर्षी पुणे आणि कोलकाता येथे पहिल्या दोन आयसर स्थापन केल्या. पुढे मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि ब्रह्मपूर अशी भर पडून आज त्यांची संख्या सात झाली आहे. २०१२ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती करून या संस्थांना राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांचा दर्जा दिला. त्यामुळे आयसर पुणे स्वतःची पदवी स्वतः देते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी ती संलग्न नाही आणि तिचा प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होत नाही. प्रवेशासंबंधीचे जवळजवळ सगळे गैरसमज या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे निर्माण होतात, असे माझे निरीक्षण आहे.

अर्ज करण्यापूर्वी अभ्यासक्रमाचे स्वरूप नीट समजून घ्यावे, कारण प्रवेश परीक्षेची रचना त्यातूनच आलेली आहे. आयसर पुण्याचा मुख्य अभ्यासक्रम पाच वर्षांचा बीएस-एमएस (विज्ञानातील पदवी आणि पदव्युत्तर पदवी एकत्र) हा असून त्याला प्रवेश घेताना भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र असा विषय निवडावा लागत नाही. सुरुवातीला सर्वांना गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे चारही विषय शिकावे लागतात आणि विद्यार्थी त्यानंतर हळूहळू आपल्या आवडीच्या विषयाकडे वळतो. या चार विषयांखेरीज पृथ्वी व हवामानशास्त्र, विदा विज्ञान आणि मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांचे विभागही संस्थेत आहेत. पाचव्या वर्षी विद्यार्थ्याने एखाद्या मार्गदर्शकाच्या हाताखाली संशोधन करून प्रबंध सादर करायचा असतो. अकरावीला जीवशास्त्र सोडून सुटकेचा निःश्वास टाकलेल्या विद्यार्थ्याला येथे पेशी आणि जनुके पुन्हा भेटतात, तर गणित सोडलेल्याला कलनशास्त्र चुकवता येत नाही. ज्याला हे ओझे वाटते, त्याने तीन वर्षांच्या बी.एस्सी.चा विचार करावा. पुण्यात त्यासाठी उत्तम महाविद्यालये आहेत आणि त्या निवडीत कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही.

पुण्यात असण्याचा एक लाभ मात्र खराखुरा आहे. रासायनिक प्रयोगशाळा शेजारी आहे, भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थाही पाषाणलाच आहे, विद्यापीठाच्या आवारात आयुका हे खगोलशास्त्राचे आंतरविद्यापीठ केंद्र आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे, तर आघारकर संशोधन संस्था १९४६ पासून शहरात कार्यरत आहे. ज्या विद्यार्थ्याला सुट्टीतला प्रकल्प किंवा प्रबंधाचे काम संस्थेबाहेरच्या मार्गदर्शकाकडे करायचे असते, त्याच्यासाठी एवढ्या संशोधन संस्था थोड्याशा अंतरावर असणे ही मोठीच सोय आहे.

पात्रता

उमेदवार बारावी विज्ञान शाखेची परीक्षा उत्तीर्ण असावा आणि जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व भौतिकशास्त्र या चारपैकी किमान तीन विषय त्याने बारावीला घेतलेले असावेत. म्हणजे पीसीएम, पीसीबी किंवा चारही विषय घेतलेले विद्यार्थी अर्ज करू शकतात. सर्वसाधारण, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि इतर मागासवर्गीय प्रवर्गांसाठी बारावीत एकूण किमान ६० टक्के, तर अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग उमेदवारांसाठी ५५ टक्के गुण आवश्यक असतात. कोणत्या वर्षी बारावी झालेले विद्यार्थी चालतील, हे त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात दिलेले असते. मध्ये एखादे वर्ष गेलेल्या विद्यार्थ्याने ते वाक्य सर्वांत आधी वाचावे. टक्केवारीची अट प्रवेशाच्या वेळी तपासली जाते, त्यामुळे बारावीची परीक्षा नुकतीच दिलेला आणि निकालाची वाट पाहणारा विद्यार्थीही अर्ज भरू शकतो.

महाराष्ट्राचा अधिवास दाखला येथे उपयोगाचा नाही, कारण राज्याचा किंवा शहराचा कोटा नाही. सर्व जागा अखिल भारतीय गुणवत्तेनुसार भरल्या जातात. कोथरूडमध्ये घर आणि पाषाणमध्ये संस्था, एवढ्यावर कोणालाही प्राधान्य मिळत नाही.

परीक्षा

पूर्वी आयसरमध्ये शिरण्याच्या तीन वाटा होत्या: किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना, जेईई ॲडव्हान्स्ड आणि संस्थांची स्वतःची अभिक्षमता चाचणी. पहिली योजना बंद झाली आणि २०२४ पासून जेईईची वाटही बंद करण्यात आली. आता फक्त आयसर अभिक्षमता चाचणी, म्हणजे आयएटी, हा एकच मार्ग उरला आहे. जुन्या माहितीवर विसंबून जेईईच्या गुणांवर प्रवेश मिळेल असे गृहीत धरणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

ही परीक्षा संगणकावर होते. तीन तासांत साठ प्रश्न सोडवायचे असतात, त्यात चारही विषयांचे प्रत्येकी पंधरा प्रश्न असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तरासाठी एक गुण वजा होतो आणि एकूण गुण २४० असतात. पीसीएमच्या विद्यार्थ्याने जीवशास्त्राचे प्रश्न सोडून दिले तर साठ गुण, म्हणजे एकूण गुणांचा चौथा हिस्सा, त्याने हातचा घालवला असे होते. गणित सोडलेल्या विद्यार्थ्याचीही तीच गत होते. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांनी अकरावीच्या अभ्यासक्रमाकडेही तितकेच लक्ष द्यावे, कारण चाचणीचा अभ्यासक्रम अकरावी आणि बारावी या दोन्ही वर्षांचा असतो, तर आपल्याकडे अकरावी हे बऱ्याचदा विश्रांतीचे वर्ष मानले जाते. नसलेल्या विषयाची बालभारतीची किंवा एनसीईआरटीची पुस्तके आणून त्यातील मूलभूत प्रकरणे तरी वाचावीत.

परीक्षा साधारणपणे मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीस होते. २०२४ मध्ये ती ९ जूनला आणि २०२५ मध्ये २५ मे रोजी झाली. अर्ज त्याच्या काही आठवडे आधीपासून आयसर प्रवेशाच्या सामाईक संकेतस्थळावर ऑनलाइन भरता येतो. सातही संस्थांसाठी अर्ज एकच असतो. हेच गुण बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आणि आयआयटी मद्रासच्या वैद्यकीय विज्ञान व अभियांत्रिकीच्या बीएस अभ्यासक्रमालाही ग्राह्य धरले जातात, परंतु त्या दोन ठिकाणी अर्ज स्वतंत्रपणे करावा लागतो.

प्रवर्गाची प्रमाणपत्रे

या भागाकडे महाराष्ट्रातील पालकांनी विशेष लक्ष द्यावे. आयसर केंद्रीय संस्था असल्यामुळे तेथे केंद्राचे आरक्षण लागू होते: अनुसूचित जातींना १५ टक्के, अनुसूचित जमातींना ७.५ टक्के, इतर मागासवर्गीयांना २७ टक्के आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना १० टक्के. दिव्यांगांसाठीच्या ५ टक्के जागा या सर्व प्रवर्गांतून राखल्या जातात. राज्यात असलेले विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग असे उपप्रवर्ग केंद्रात नाहीत. मात्र त्यांतील अनेक जाती केंद्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत. धनगर आणि वंजारी समाज राज्यात भटक्या जमातींमध्ये मोडतात, पण केंद्रात इतर मागासवर्गीय म्हणून अर्ज करतात. आपली जात महाराष्ट्रासाठीच्या केंद्रीय यादीत आहे की नाही, हे राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर पाहून मगच अर्जात प्रवर्ग भरावा.

मराठा समाजाला २०२४ च्या कायद्याने राज्यात दिलेले सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गाचे आरक्षण केंद्रीय संस्थांमध्ये लागू नाही. त्या उमेदवाराला, उत्पन्न आणि मालमत्तेच्या अटी पूर्ण होत असतील तर, केंद्राच्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतून अर्ज करता येतो. ज्याच्याकडे कुणबी असल्याचे जात प्रमाणपत्र आहे तो इतर मागासवर्गीय ठरतो, आणि मग त्याला आर्थिक दुर्बल घटकाचा लाभ घेता येत नाही. एकाच उमेदवाराने दोन्हींची प्रमाणपत्रे जवळ ठेवून सोयीचे वापरावे, असे या व्यवस्थेत बसत नाही.

उत्पन्नाची मर्यादा दोन्हीकडे आठ लाख रुपयेच असली तरी मोजणी वेगळी आहे. इतर मागासवर्गीयांसाठी नॉन-क्रीमी लेअर (म्हणजे आरक्षणास पात्र असलेला, प्रगत नसलेला गट) ठरवताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न आठ लाखांच्या मर्यादेत धरले जात नाही. पालक नोकरीत असतील तर त्यांच्या पदाचा दर्जा पाहिला जातो. आर्थिक दुर्बल घटकासाठी मात्र पगार, शेती, व्यवसाय असे कुटुंबाचे सर्व उत्पन्न एकत्र केले जाते. शिवाय पाच एकर किंवा त्याहून अधिक शेतजमीन, एक हजार चौरस फूट किंवा त्याहून मोठी सदनिका, अथवा अधिसूचित नगरपालिका क्षेत्रात शंभर चौरस यार्ड किंवा त्याहून मोठा निवासी भूखंड असेल, तर उत्पन्न कितीही कमी असले तरी पात्रता जाते. गावाकडची सामाईक शेती सातबाऱ्यावर कोणाच्या नावे किती आहे, हे शहरात राहणाऱ्या कुटुंबांना पुष्कळदा ऐनवेळी कळते.

प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यातच हवे. राज्याच्या नमुन्यातील जात प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेअर दाखला किंवा जात वैधता प्रमाणपत्र हे त्याला पर्याय ठरत नाहीत. आपले सरकार संकेतस्थळावर किंवा सेतू केंद्रात अर्ज करताना ‘केंद्र शासनाच्या सेवेसाठी व शिक्षणासाठी’ असे स्पष्ट सांगावे आणि माहितीपत्रकाला जोडलेला नमुना छापून सोबत न्यावा. जात आणि नॉन-क्रीमी लेअरचे प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी कार्यालयातून, तर आर्थिक दुर्बल घटकाचे तहसील कार्यालयातून मिळते. नॉन-क्रीमी लेअर आणि आर्थिक दुर्बल घटकाची प्रमाणपत्रे आर्थिक वर्षाशी बांधलेली असतात. कोणत्या तारखेनंतर दिलेले प्रमाणपत्र ग्राह्य आहे, हे माहितीपत्रकात पाहून एप्रिल लागताच हालचाल सुरू करावी. मे महिन्यात या कार्यालयांपुढील रांगा किती लांबतात, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको.

इतर कागदपत्रे आणि जागावाटप

बाकीची कागदपत्रे नेहमीचीच आहेत: जन्मतारखेसाठी दहावीचे प्रमाणपत्र, बारावीची गुणपत्रिका, ओळखपत्र, छायाचित्र, स्वाक्षरी, आणि लागू असल्यास दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी छापलेले असते आणि आधार कार्डावर बहुधा शेवटी. अर्जातील नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे भरावे आणि स्पेलिंगमध्ये फरक असल्यास आधार आधीच दुरुस्त करून घ्यावे. प्रत्यक्ष प्रवेशाच्या वेळी महाविद्यालय सोडल्याचा दाखला आणि मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते. पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर या जिल्ह्यांसाठी ते पुणे विभागीय मंडळाकडून मिळते. खबरदारी म्हणून आधी बी.एस्सी.ला प्रवेश घेतला असेल तर मूळ दाखला त्या महाविद्यालयात अडकलेला असतो. तो परत मिळण्यास किती दिवस लागतात, याची चौकशी प्रवेश घेतानाच करून ठेवावी.

निकालानंतर पात्र उमेदवाराला संकेतस्थळावर संस्थांचा पसंतीक्रम भरावा लागतो. जागा गुणवत्ता क्रमांकानुसार आणि मग पसंतीनुसार दिली जाते. त्यामुळे पुणे पहिल्या क्रमांकावर ठेवले म्हणून खालच्या पसंतीची संधी कमी होत नाही. खऱ्या आवडीनेच क्रम लावावा. जेथे जायचेच नाही, अशा संस्थेचे नाव केवळ यादी भरण्यासाठी घालू नये. जागा मिळाल्यावर ठरावीक मुदतीत स्वीकृती शुल्क भरून ती निश्चित करावी लागते, आणि पुढच्या फेरीत वरची पसंती मिळण्याची वाट पाहता येते. मुदत चुकली तर जागा जाते. या काळात ईमेल रोज तपासावा.

शिष्यवृत्तीचा विचार करणाऱ्यांनी केंद्राच्या इन्स्पायर योजनेची माहिती घ्यावी. आपल्या मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत वरच्या एक टक्क्यात असलेल्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याला तीत वर्षाला ८०,००० रुपये मिळतात. त्यांपैकी ६०,००० रुपये थेट विद्यार्थ्याला, तर २०,००० रुपये उन्हाळी संशोधन प्रकल्पासाठी असतात. त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि मंडळाकडून मिळणारे पात्रतेचे पत्र जोडावे लागते, म्हणून ते पत्र गुणपत्रिकेबरोबरच जपून ठेवावे.