खोबरेल खायला की लावायला? वजन उतरवणाऱ्या तेलाची पार्श्वभूमी

ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजूला लाकडी घाण्याचं तेल विकणारं एक दुकान आहे. तिथे खोबरेल मागितलं की मालक बाटली हातात घेण्याआधी विचारतो, "ताई, खायला की लावायला?" पिंप एकच, तोटीही एकच. खायला म्हटलं तर तो काचेची बाटली घेतो, लावायला म्हटलं तर प्लास्टिकची. पूर्वी हा प्रश्न विचारावाच लागत नसे, असं तो सांगतो. आता सकाळी तलावपाळीला फेऱ्या मारून परतणारी माणसं न विचारताच "खायला" म्हणतात. कुणाला ते काळ्या कॉफीत घालायचं असतं, कुणाला उपाशीपोटी चमचाभर प्यायचं असतं. मेटाबॉलिझम वाढतं आणि पोट उतरतं, असं त्यांनी ऐकलेलं असतं.

ही समजूत आपल्या स्वयंपाकघरातली नाही. ठाण्याच्या मराठी घरात फोडणी शेंगदाणा तेलाची, आणि देशावरून आलेल्या कुटुंबात कधी करडईची. खोबरेलाची जागा न्हाणीघराच्या फळीवर. आगरी-कोळी घरांत नारळाशिवाय कालवण होत नाही, पण तिथे नारळ वाटणातून जातो, गरासकट आणि चोथ्यासकट. खोबरेलात स्वयंपाक होतो तो वाशी-नेरूळच्या मल्याळी शेजाऱ्यांकडे, आणि वजन उतरवायचं औषध म्हणून त्यांनी ते कधी वापरल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मूळ गोष्ट दवाखान्यातली आहे. १९२१ साली अमेरिकेत अपस्माराच्या म्हणजे फिट्सच्या रुग्णांसाठी भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय असा आहार सुचवला गेला. त्याचंच नाव किटोजेनिक. १९५०च्या दशकात ज्यांना साधं तेल-तूप पचतच नाही अशा रुग्णांसाठी एक खास तेल तयार झालं. त्याला एमसीटी म्हणतात, म्हणजे मध्यम साखळीची मेदाम्लं असलेलं तेल. १९७१ साली ही दोन टोकं जुळली आणि फिट्स येणाऱ्या मुलांना एमसीटीवर आधारलेला किटो आहार देता येतो असं दिसलं. इथपर्यंत वजनाचा विषयच नव्हता. आजारी मुलांच्या पोटात उष्मांक कसे जातील, याची ती काळजी होती.

वजनाशी संबंध जुळला तो नंतरच्या प्रयोगांतून. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ तरुणांना ऊर्जाखर्च मोजणाऱ्या बंद खोलीत ठेवून दिवसाला १५ ते ३० ग्रॅम एमसीटी दिलं. त्यांचा चोवीस तासांचा ऊर्जाखर्च सुमारे ५ टक्क्यांनी वाढला. २००८ सालच्या दुसऱ्या प्रयोगात वजन कमी करण्याचा मोजूनमापून आहार घेणाऱ्यांपैकी काहींना ऑलिव्ह तेल आणि काहींना १८ ते २४ ग्रॅम एमसीटी दिलं. १६ आठवड्यांनी एमसीटीवाल्यांचं वजन साधारण पावणेदोन किलोंनी जास्त उतरलं होतं. फरक लहान असला तरी खरा होता. आज कॉफीत तेल घालणारा माणूस जे सांगतो त्याचं बीज इथे आहे, आणि ते खोटं नाही. गोंधळ झाला तो 'मध्यम साखळी' या दोन शब्दांत, म्हणून तिथे थोडं थांबते.

मेदाम्लात कार्बनचे अणू एकापुढे एक जोडलेले असतात. रसायनशास्त्राच्या वर्गवारीत ६ ते १२ अणूंची साखळी ती मध्यम. खोबरेल तेलातलं जवळजवळ निम्मं मेदाम्ल लॉरिक असतं, आणि त्यात अणू असतात १२. म्हणजे कागदावर खोबरेल निम्म्याहून जास्त मध्यम साखळीचं. आपलं शरीर मात्र ही वर्गवारी पाळत नाही. ८ आणि १० अणूंची मेदाम्लं आतड्यातून थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत शिरतात आणि तिथे लगेच जळतात. १२ अणूंचं लॉरिक बहुतांशी लांब साखळीच्या मेदाम्लांच्या वाटेनं जातं. त्यांच्यासारखंच ते पुड्यांत बांधलं जातं, लसीकावाहिन्यांतून फिरून रक्तात येतं आणि एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल वाढवतं. प्रयोगात वापरलेलं तेल ८ आणि १० अणूंची मेदाम्लं वेगळी काढून, ती पुन्हा जोडून कारखान्यात बनवलेलं होतं. त्यात लॉरिक जवळपास नव्हतंच.

हा फरक घरीही दिसतो. डिसेंबर-जानेवारीत येऊरच्या बाजूनं गार वारा सुटला की ठाण्यात खोबरेल बाटलीत थिजतं आणि आपण ती उन्हात ठेवतो. एमसीटीची बाटली फ्रिजमध्ये ठेवली तरी तेल पाण्यासारखं हलत राहतं. वासही नसतो. ही दोन तेलं वेगळी आहेत हे त्या थिजण्यावरूनच कळतं.

आता हिशेब करू. खोबरेलात ८ आणि १० अणूंची मेदाम्लं मिळून साधारण १३ टक्के. प्रयोगातले २० ग्रॅम मिळवायचे तर दीडशे ग्रॅम खोबरेल प्यावं लागेल, म्हणजे दहा-अकरा मोठे चमचे आणि जवळजवळ १,३५० उष्मांक. एका चमच्यातून हाती लागतात दोन ग्रॅम, आणि त्यासोबत सव्वाशे उष्मांक पोटात जातात. दुसरी अट तर कुणी सांगतच नाही. प्रयोगातल्या लोकांना ते तेल दुसऱ्या तेलाच्या बदल्यात दिलं होतं. इथे पोळीवरचं तूप तसंच, भाजीवरची तर्री तशीच, आणि वर कॉफीतला चमचा.

खोबरेलाची बाजू घेणारे चिडतात त्याला मात्र कारण आहे, आणि ते नोंदवायलाच हवं. १९८०च्या दशकात अमेरिकेत नारळ आणि पाम तेलांविरुद्ध जोरदार मोहीम झाली. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या. बिस्किटं-केक बनवणाऱ्यांनी ही तेलं टाकली आणि त्यांच्या जागी हायड्रोजन घालून घट्ट केलेलं सोयाबीन तेल घेतलं. तेल असं घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट नावाचा मेद तयार होतो, आणि त्यानं एलडीएल वाढतं आणि एचडीएल म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल घटतं हे १९९० साली सिद्ध झालं. आपल्याकडे असंच घट्ट केलेलं वनस्पती तेल १९३७ पासून 'डालडा' म्हणून घरोघरी होतं. ट्रान्स फॅटची मर्यादा भारतात २ टक्क्यांवर यायला २०२२ उजाडलं. तज्ज्ञांनी एकदा चुकीचं तेल हातात दिलं होतं, हे ज्यांना आठवतं त्यांनी पुढच्या इशाऱ्यांवर विश्वास ठेवायचा कसा? २०१७ साली अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं खोबरेल टाळा असं सांगितलं. २०१८ साली तिथल्याच एका प्राध्यापिकेनं जर्मनीतल्या व्याख्यानात त्याला 'निव्वळ विष' म्हटलं, तेव्हा आपल्या फलोत्पादन आयुक्तांनी निषेधाचं पत्र धाडलं. विष हा शब्द चुकीचाच होता. त्या एका शब्दामुळे खोबरेल पिणं ही इकडे अस्मितेची गोष्ट झाली, आणि मोजमापाचं बोलणं मागे पडलं.

त्याच सुमाराला ऐरोलीच्या आयटी पार्कातल्या मुलांच्या फोनवर लोणी घातलेली कॉफी पोचली. ठाण्यातल्या जिममध्ये किटोचे तक्ते लागले. दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवा, हे सांगणारी मराठी व्याख्यानंही याच काळात गाजत होती. अनेकांनी तीनही एकत्र केलं. एमसीटीची बाटली महाग, खोबरेल घरातच होतं.

घरातल्या त्या निळ्या बाटलीवर तर शाकाहाराचा हिरवा ठिपका आणि खाद्यपदार्थाचा परवाना क्रमांकही छापलेला. हे खाद्यतेल की केसांचं तेल, हा वाद पंधरा वर्षांहून अधिक काळ कोर्टात चालला होता. करखात्याचं म्हणणं, लहान बाटल्या लोक डोक्यालाच लावतात, म्हणून केसांच्या तेलाचा कर भरा. उत्पादकांचं म्हणणं, आत शुद्ध खोबरेल आहे आणि लेबलवर केसांचा उल्लेखही नाही. जीएसटी आल्यावर प्रश्न ५ टक्के की १८ टक्के असा झाला. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात दोन न्यायाधीशांची मतं विरुद्ध पडली. डिसेंबर २०२४ मध्ये तिघांच्या पीठानं निकाल दिला की, केवळ बाटली लहान म्हणून ते केसांचं तेल ठरत नाही, केसांचं तेल म्हणून विकलं तरच ठरतं. सप्टेंबर २०२५ पासून केसांच्या तेलावरचा करही ५ टक्क्यांवर आला. निकाल कराचा होता. आमच्या सोसायटीत मात्र तो "सुप्रीम कोर्टानं खोबरेल खायला योग्य ठरवलं" असा फिरला. तो मेसेज मला तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आला.

आरोग्याचा निवाडा त्याआधीच हाती होता. २०२० साली १६ चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलानं एलडीएल दर डेसिलिटर रक्तामागे सुमारे १० मिलिग्रॅमनं वाढलं, एचडीएल ४ मिलिग्रॅमनं वाढलं, वजन आणि कमरेच्या घेरात म्हणावा असा फरक पडला नाही. ज्यांच्या घरात हृदयविकार आहे त्यांच्यासाठी ते १० मिलिग्रॅम क्षुल्लक नाहीत, आणि ठाण्यात असं घर शोधायला लांब जावं लागत नाही.

स्निग्धाचा वजन उतरवण्यात काही उपयोगच नाही, असं मात्र यातून निघत नाही. २००८ साली इस्रायलमध्ये ३२२ जणांवर दोन वर्षं चाललेल्या चाचणीत कमी स्निग्धाचा आहार घेणाऱ्यांचं वजन सरासरी २.९ किलोंनी उतरलं. ऑलिव्ह तेल आणि सुकामेवा असलेल्या भूमध्यसागरी पद्धतीचं जेवण घेणाऱ्यांचं ४.४ किलोंनी. तेल त्यांनी वरून घातलं नव्हतं, दुसऱ्या कशाच्या तरी जागी घेतलं होतं, आणि तेही उष्मांक मोजून. आपल्याकडे ते काम मूठभर शेंगदाणे, जवसाची चटणी, तारली-बांगडा करू शकतात. चार वाजता फरसाणाऐवजी शेंगदाणे खाल्ले तर जेवणापर्यंत पोट धरून राहतं.

२०२५च्या सुरुवातीला पंतप्रधानांनी घरातलं तेल १० टक्क्यांनी कमी करा असं आवाहन केलं. त्याआधी २०२४च्या राष्ट्रीय आहार मार्गदर्शिकेनं २,००० उष्मांकांच्या जेवणात दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप धरलं होतं. चार माणसांना महिन्याला सव्वातीन किलो. कळव्याच्या माझ्या वहिनीनं हा हिशेब स्टीलच्या डब्यावर पेनानं लिहून ठेवला आणि पहिल्या महिन्यात तिचं तेल बरोबर पुरलं. भावाचं वजन मात्र हललं नाही. मग लक्षात आलं की भाऊ रोज सकाळी कॉफीत दोन चमचे खोबरेल घेत होता. ती बाटली औषधांच्या कपाटात होती, म्हणून कुणी ती मोजलीच नव्हती. नुसतं तेवढंच महिन्याला आठशे ग्रॅमच्या पुढे जात होतं. आता ती बाटली तेलाच्या डब्याशेजारी आली आहे, आणि भावाची कॉफी दुधाची झाली आहे.