कमिटीने नकार दिला? आधी निर्णयाची तारीख बघा

बेसमेंटला साईड एन्ट्रन्स, मागे सनरूम, मोठं डेक... यासाठी बरेचदा मायनर व्हेरिएन्स (झोनिंगच्या नियमांतून छोटी सूट) लागतो हे ब्रॅम्प्टन-मिसिसागातल्या आपल्या लोकांना आता सांगावं लागत नाही. पण ही सूट देणाऱ्या शहराच्या कमिटी ऑफ अ‍ॅडजस्टमेंटने नकार दिला की आम्हाला फोन ठरलेला, "अपीलला 20 दिवस आहेत ना, मग पुढच्या वीकेंडला भेटू."

अहो, हे 20 दिवस पत्र हातात पडल्यापासून नाही, निर्णय झाला त्या दिवसापासून मोजतात, आणि पत्र पाठवायलाच कमिटीला 10 दिवस असतात, म्हणजे पाकीट उघडेपर्यंत अर्धी मुदत गेलेली असू शकते. एका काकांचा निर्णय 6 मेचा, पत्र मिळालं 15 ला, त्यांनी ते फ्रिजवर मॅग्नेटने लावलं आणि वर पेनाने स्वतःच "4 जून" लिहिलं. आमच्याकडे आले 29 ला. शेवटची तारीख 26 मे, त्याच पत्रात खाली छापलेली! मग निर्णय अंतिम, ओळखीपाळखीने काही होत नाही. आणि नुसतं "अपील करायचंय" असं कळवून भागत नाही, कारणं आणि फी दोन्ही मुदतीतच पोचायला हवं.

म्हणून मुदतीचे पाच दिवस राहिले की आम्ही नवी केस घेत नाही. काहींना हा माज वाटतो, वाटू दे. अपील जातं ते ऑन्टारियो लँड ट्रिब्युनलकडे (टोरांटोत घर असेल तर शहराच्या वेगळ्या अपील बॉडीकडे), आणि तिथे सगळं नव्याने ऐकतात, तिथे "समोरच्यानेही केलंय" चालत नाही. बदल किरकोळ आहे का, जागेला योग्य आहे का, झोनिंग बायलॉच्या आणि ऑफिशियल प्लॅनच्या (शहराच्या विकास आराखड्याच्या) हेतूत बसतो का, या चारही गोष्टी पटवायच्या तर प्लॅनर (नगररचनेचा तज्ज्ञ) लागतो, आणि चांगला प्लॅनर दोन दिवसांत मिळत नाही.

शेजारी अपील करेल का, हेही सगळे विचारतात. ऑन्टारियोच्या 2022 च्या बिल 23 या कायद्यानंतर शेजाऱ्याला तो हक्क राहिलेला नाही, पण कमिटीपुढे तो बोलू शकतो, तेव्हा नोटीस लागायच्या आधीच चहाला बोलावून ड्रॉइंग दाखवा.

दर वेळी अपीलच करा असं आम्ही म्हणत नाही, कधी जिना थोडा आत घेऊन नवा अर्ज टाकणं स्वस्त पडतं. पत्राच्या सगळ्या पानांचे फोटो पाठवा, फक्त पहिलं पान नको. ते वाचून काय करावं हे सांगायचे आम्ही पैसे घेत नाही.