चोर्ल्याच्या घाटात बाणाला लागलेला चकवा

गेल्या श्रावणात साखळीहून बेळगावला परत येत होतो. केरी मागे पडलं, चोर्ल्याचा घाट सुरू झाला आणि पावसाने असा जोर धरला की वायपर पळत असूनही पुढचं वळण अंदाजानेच घ्यावं लागत होतं. शेजारी आप्पाकाका. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. गाडीच्या स्क्रीनवर सरकणारा निळा बाण ते केरीपासून टक लावून बघत होते. एका वळणावर उभा ओला कडा अगदी अंगावर आला आणि बाणाने रस्ता सोडला. स्क्रीनवरची आमची गाडी सरळ हिरव्या रंगात, म्हणजे रानात शिरली. मग तिथून उडी मारून खालच्या वळणावर जाऊन बसली. तिथून आम्ही दोन मिनिटांपूर्वीच वर आलो होतो. आतली बाई म्हणाली, "शक्य असेल तिथे यू-टर्न घ्या."

काका म्हणाले, "ह्याला पण चकवा लागला बघ की रे."

चकवा म्हणजे काय हे खानापूर-जांबोटीकडच्या माणसाला सांगायला नको. रात्री रानातून निघालेला माणूस तासन् तास चालतो आणि शेवटी त्याच झाडापाशी येऊन पोचतो. काकांचं वाक्य पुढे कित्येक दिवस माझ्या डोक्यातून जाईना. भूतबाधेचा भाग सोडला तर ते जवळजवळ बरोबर होतं, आणि का बरोबर होतं हे सांगण्यासाठीच हा लेख लिहितो आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. उपग्रह वरून आपली गाडी बघतो आणि तुम्ही कुठे आहात ते कळवतो, असं पुष्कळांना वाटतं. जीपीएसच्या उपग्रहाला तुमची गाडी दिसत नाही, ती आहे हेही त्याला ठाऊक नसतं. गाडीतल्या त्या डब्यात खरं तर दोन रेडिओ असतात. एक एफएमची गाणी पकडतो, दुसरा उपग्रहांकडून येणारी वेळ पकडतो. दोघेही फक्त ऐकतात. म्हणूनच कणकुंबीच्या आसपास मोबाइलची रेंज गेली तरी गाडीच्या मूळ यंत्रातला बाण चालत राहतो, कारण त्याचा नकाशा आधीच आत साठवलेला असतो. रेंज नसली की फोनला नवा नकाशा आणि वाहतुकीची बातमी मिळत नाही. आपण कुठे आहोत हे त्यालाही कळतच असतं.

हा दुसरा रेडिओ ऐकतो काय? सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणारा प्रत्येक उपग्रह अखंड सांगत असतो, "मी इथे आहे आणि माझ्या घड्याळात आता इतके वाजलेत." ही हाक आपल्यापर्यंत यायला कमीत कमी सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला हे मोजलं की उपग्रह किती लांब आहे ते कळतं. तीन उपग्रहांची अंतरं मिळाली की जागा ठरायला हवी, पण गाडीतलं घड्याळ स्वस्तातलं असतं आणि ते सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. यावर उपाय असा की आपल्या घड्याळाची चूक हीच चौथी अज्ञात राशी धरायची आणि चौथ्या उपग्रहाचं ऐकायचं. चार अज्ञात, चार समीकरणं. शाळेतल्या बीजगणितात आपण हेच करतो.

आता त्या कड्यापाशी काय झालं असेल ते बघा. पावसाचा आणि धुक्याचा दोष जवळजवळ नाहीच. या लहरींची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर असते, काही मिलिमीटरच्या थेंबांची त्यांना अडचण होत नाही. भिजलेल्या पानांचं दाट छत मात्र त्यांना बरंच क्षीण करतं. आणि कडा तर त्या बाजूचं आभाळच झाकून टाकतो. कड्यामागच्या उपग्रहाची हाक सरळ येऊच शकत नाही. ती समोरच्या डोंगरावर आपटून, वळसा घेऊन येते. हा वळसा १०० मीटरचा असला तर उशीर होतो सेकंदाच्या तीस लाखाव्या भागाचा. तेवढा पुरतो. रेडिओला वाटतं की उपग्रह आहे त्याहून १०० मीटर जास्त लांब आहे, आणि बाण रानात जातो. दरीत हाक मारल्यावर प्रतिध्वनी ऐकून माणूस पलीकडच्या डोंगरावर उभा आहे असं वाटावं, तसंच हे.

पण थांबा. बाण केवळ आभाळावर विसंबून नसतो. मला सगळ्यात जास्त आवडतो तो भाग इथून पुढे आहे.

गाडीला आतूनही कळत असतं की ती किती चालली आणि किती वळली. किती चालली हे चाकं सांगतात. चाकाजवळ दात असलेली एक कडी फिरत असते आणि समोर बसवलेला सेन्सर एकेक दात मोजत असतो. ही मोजणी मुळात चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएस ब्रेकसाठी असते, पण तीच पुढे बाणालाही मिळते आणि गाण्यालाही. वेग वाढला की कित्येक गाड्यांत गाण्याचा आवाज आपोआप चढतो, तो या दातांच्याच हिशेबाने. आता टायर झिजला तर? नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. ती ६ मिलिमीटरने झिजली आणि चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर धरली, तर चाक २ टक्क्यांनी लहान झालं. गाडी ९८ मीटर जाते तेव्हा यंत्र १०० समजतं. किलोमीटरमागे वीस मीटरची चूक.

किती वळली हे सांगतो जायरोस्कोप. जायरोस्कोप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भिंगरी येते, पण गाडीतल्या चिपमध्ये गरगर फिरणारं काहीच नसतं. सिलिकॉनचा मिलिमीटरहूनही लहान तुकडा तिथे सेकंदाला हजारो वेळा पुढे-मागे थरथरत असतो. गाडी वळली की हा थरथरणारा तुकडा आडवा ढकलला जातो. यात्रेतल्या लाकडी घोड्यांच्या फिरत्या चक्रावर मधून कडेकडे सरळ चालून बघा, कुणीतरी बाजूला ढकलतंय असं वाटेल. याला कोरिऑलिस परिणाम म्हणतात. याच परिणामामुळे विषुववृत्त ओलांडून उत्तरेला आलेले वारे उजवीकडे वळतात, नैऋत्येचे होतात आणि पाऊस घेऊन सह्याद्रीवर आदळतात. म्हणजे त्या दिवशी काचेवर कोसळणारा पाऊस ज्या कारणाने घाटात पोचला होता, त्याच कारणाने डॅशबोर्डमागचा तो तुकडा कळे-न-कळे असा आडवा सरकत होता. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी गाडी बाजूला घेऊन नुसता बसून राहिलो होतो.

हे सरकणं मोजतात कसं? दोन कंगवे समोरासमोर धरून एकाचे दात दुसऱ्याच्या फटींत घालावेत, तशी रचना तिथे सिलिकॉनमध्येच कोरलेली असते. एक कंगवा थरथरणाऱ्या तुकड्याला जोडलेला, दुसरा पक्का बसवलेला. तुकडा सरकला की दातांमधली फट बदलते, फट बदलली की तिथे विद्युतभार साठवण्याची क्षमता बदलते, आणि ती मोजता येते. आपल्या कानातही वळण ओळखणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. तिथे कंगव्याऐवजी द्रव आणि त्यात डोलणारे केस.

जायरोस्कोप सांगतो ते फक्त "या क्षणी गाडी किती वेगाने वळते आहे" एवढंच. तोंड कुठे आहे हे कळायला क्षणाक्षणाच्या वळणांची बेरीज करत जावी लागते. किराणा दुकानदाराच्या वहीत रोज दोन रुपयांची चूक होत राहिली तर एक दिवस काही बिघडत नाही, वर्षअखेरीला मात्र हिशेब जुळत नाही. इथेही तेच. दिशा एका अंशाने चुकली तर किलोमीटरभर पुढे गेल्यावर बाण सतरा मीटर बाजूला असतो. बाहेरचं काही दिसत नसेल तर ही चूक कधीच आपोआप कमी होत नाही. ती वाढतच जाते.

उपग्रहाच्या चुकीचा स्वभाव वेगळा. ती साठत नाही. आत्ता बाण रानात, पुढच्या वळणावर आभाळ उघडलं की परत रस्त्यावर. एकाची चूक हळूहळू साठणारी, दुसऱ्याची उड्या मारणारी. अशा दोन साक्षीदारांचं ऐकून एक निकाल द्यायची रीत रुडॉल्फ काल्मान या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी अभियंत्याने १९६० साली मांडली आणि चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांनीही ती वापरली. आकडे घालूनच बघू. चाकं म्हणतात, वळणापासून ४०० मीटर आलो, २० मीटर इकडे-तिकडे. उपग्रह म्हणतो ४३०, पण १० मीटर इकडे-तिकडे. सरळ सरासरी काढायची नाही. प्रत्येकाचं वजन त्याच्या चुकीच्या वर्गाच्या उलट धरायचं. २० चा वर्ग ४००, १० चा १००, म्हणजे वजनं १ ला ४. निकाल ४२४ मीटर. आता या निकालाची स्वतःची चूक काढली तर ती येते सुमारे ९ मीटर, दोन्ही साक्षीदारांपेक्षा कमी! कमी भरवशाचा साक्षीदारसुद्धा चांगल्याला आणखी चांगलं करून जातो. हा हिशेब सेकंदात कित्येक वेळा होतो, आणि मोकळ्या रस्त्यावर आभाळ स्वच्छ दिसत असताना यंत्र याच रीतीने चाकांची आणि जायरोस्कोपची चूक शिकून ठेवतं, म्हणजे पुढे आडोसा आला की ती वजा करता येते.

मग आमचा बाण का भरकटला? कारण काल्मानची रीत साक्षीदाराच्या वजनावर चालते, आणि प्रतिध्वनी ऐकणारा साक्षीदार पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचं सांगत असतो. त्यात मी आदल्याच दिवशी नवे टायर बसवले होते. यंत्राने शिकून ठेवलेली चाकं जुनी, झिजलेली. तिसरी गोष्ट, बाण जवळच्या रस्त्याला चिकटवण्याची या यंत्रांना सवय असते. घाटात वरचा आणि खालचा रस्ता नकाशावर हाकेच्या अंतरावर असतात, त्यामुळे थोडी चूक झाली की बाण खालच्या रस्त्याला चिकटतो. "मीटरभरसुद्धा चूक नाही" अशा जाहिराती वाचताना हा कडा आठवावा.

तेव्हा टायर बदलले की घाटात शिरण्याआधी मोकळ्या हायवेवर गाडी थोडी चालवून घ्यावी. तळघरातल्या पार्किंगमधून बाहेर आल्यावर अर्धा-एक मिनिट आभाळाखाली थांबावं, कारण उपग्रह स्वतःचं अचूक ठिकाण सांगतो ते पूर्ण व्हायला तीस सेकंद लागतात. आणि बाईचा आवाज गाण्यात बुडत असेल तर ती बोलत असतानाच आवाजाची कळ फिरवावी. बऱ्याच गाड्यांत तिचा आवाज आणि गाण्याचा आवाज वेगवेगळे लक्षात ठेवलेले असतात. उच्चारांना मात्र इलाज नाही. नकाशावरची नावं रोमन लिपीतली, त्यामुळे आमची बाई बेळगावातल्या अनगोळला अँगोल म्हणते आणि पाहुणे गोंधळतात.

आता काकांचा चकवा. जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना मोठ्या जंगलात आणि ट्युनिशियातल्या वाळवंटात तासन् तास सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ चालली. ढगाळ जंगलात ती गोल फिरली, स्वतःचीच वाट ओलांडून गेली आणि तरी आपण सरळच चाललोय असं त्यांना वाटत होतं. डोळे बांधल्यावर तर काहींची वर्तुळं वीस मीटर व्यासाएवढी लहान झाली. एक पाय लांब असतो म्हणून असं होतं, हे त्या प्रयोगात टिकलं नाही, कारण तोच माणूस कधी डावीकडे वळत होता तर कधी उजवीकडे. सरळ कुठे याचा अंदाजच हळूहळू सरकत जातो. दुकानदाराच्या वहीतलेच दोन रुपये.

म्हणून चकवा लागला म्हणणाऱ्याला कुणी खोटं ठरवू नये, तो खरोखर गोल फिरलेला असतो. पण त्यावरून त्या जागेत काही आहे असं मानून वळणावर नारळ फोडत बसणं मला पटत नाही. नारळ फुटतो तिथेच कठडा तुटलेला असतो आणि रात्री चमकणाऱ्या पट्ट्या उडालेल्या असतात. लोकांनी त्यांच्या दुरुस्तीसाठी हट्ट धरला तर पावसात घाट उतरणारी कित्येक माणसं घरी धड पोचतील.

कणकुंबीत चहाला थांबलो तेव्हा हे सगळं काकांना सांगितलं. त्यांनी बशीत चहा ओतला आणि त्यांच्या वडिलांची गोष्ट काढली. भाताचं पोतं पोचवून रात्री परत येताना त्यांना चकवा लागला होता. एकाच जांभळीपाशी तीनदा आले.

"मग काय केलं त्यांनी?"

"काय करणार? बसला. विडी ओढली. चकवा लागला की चालायचं नसतं, बसायचं, असं सगळेच म्हणायचे की. पूर्वेला तांबडं फुटलं तेव्हा उठला. घर दोनशे पावलांवर होतं."

चालणं थांबवलं की चूक साठणं थांबतं, आणि तांबडं फुटलं की दिशा बाहेरून मिळते. मी हे सांगितल्यावर काका थोडा वेळ बशीकडे बघत राहिले. "म्हणजे बाबा बसला ते बरोबरच होतं," म्हणाले.

बाहेर आलो तेव्हा पाऊस ओसरला होता. गाडी सुरू केली आणि मलप्रभेच्या उगमाच्या देवळापाशी, रस्त्याच्या बरोबर मधोमध, बाण परत आलेला होता. काकांनी बोट लावून दाखवला.

"बसल्यावर ह्याचा पण उतरला बघ."