चोंदलेलं नाक आणि पुदिन्याच्या फुलाची थाप

शिंकरून शिंकरून नाक लाल होतं, रुमालात काही येत नाही, तरी नाक चोंदलेलंच. कारण मुख्य गुन्हेगार शेंबूड नसतोच. नाकपुड्यांच्या आत, बाजूच्या भिंतींवर मऊ उंचवटे असतात आणि त्यांत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. सर्दीत ह्या वाहिन्या रक्ताने फुगतात आणि हवेची वाट अरुंद होते. एका कुशीवर झोपलं की खालची नाकपुडी बंद होते, तीही ह्याच फुगण्याने. आता सूज शिंकरून कशी बाहेर पडणार?

मग बाम लावल्याबरोबर नाक मोकळं कसं वाटतं? इथेच गंमत आहे. बाममध्ये मेंथॉल असतं, म्हणजे आपल्या अमृतधारेतलं पुदिन्याचं फूल. कार्डिफ विद्यापीठातल्या रॉन एकल्स यांनी १९८०च्या दशकात नाकातून हवा जाताना होणारा अडथळा मोजला. मेंथॉल हुंगल्यावर लोक म्हणाले, नाक उघडलं; यंत्र म्हणालं, अडथळा होता तेवढाच आहे. हवा आत गेल्याचं आपल्याला कळतं ते मुख्यतः तिच्या गारव्यामुळे, आणि मेंथॉल गारवा ओळखणाऱ्या मज्जातंतूंनाच चेतवतं. थाप खरी, पण रात्री झोप लागत असेल तर ती मला चालते. दोन वर्षांखालच्या मुलांना मात्र असले बाम लावू नयेत. अमृतधारेतला दुसरा घटक, कापूर, पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात.

सूज खरोखर उतरवतात ते झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब. रक्तवाहिन्या आकसतात आणि काही मिनिटांत श्वास मोकळा होतो. इतकं सुख मिळालं की हात पुन्हा पुन्हा बाटलीकडे जातो. पण आठवडाभराहून जास्त वापरले तर औषध उतरताच नाक आधीपेक्षा घट्ट बंद होतं, ते उघडायला पुन्हा थेंब, आणि माणूस अडकतो. तीन-चार दिवसांत बाटली कपाटात गेलेली बरी.

सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट उलटून पाहा, बऱ्याचदा फिनाइलएफ्रिन हे नाव सापडेल. २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीतल्या सगळ्या १६ सदस्यांनी सांगितलं, की नेहमीच्या मात्रेत पोटातून घेतलेलं हे औषध चोंदलेल्या नाकावर चालत नाही. त्याचा बराचसा भाग नाकापर्यंत पोहोचण्याआधीच आतडी आणि यकृतात मोडून जातो. गोळी घेऊन बरं वाटलंच, तर श्रेय बहुधा तिच्यातल्या पॅरासिटामॉलचं.

वाफारा सुखावतो, पण सर्दीवर त्याचा ठोस फायदा प्रयोगांत दिसलेला नाही. उकळतं पातेलं कलंडून पोरं भाजल्याचे प्रकार मात्र भरपूर नोंदले गेलेत. त्यापेक्षा मिठाच्या पाण्याने नाक धुणं, म्हणजे जलनेती, बरी. चिकट शेंबूड आणि ॲलर्जीची धूळ ती खरंच धुऊन काढते. पाणी मात्र उकळून कोमट केलेलंच हवं. न उकळलेल्या पाण्यातला नेग्लेरिया नावाचा अमीबा पोटात गेला तर काही करत नाही, नाकातून मेंदूपर्यंत पोहोचला तर क्वचितच कुणी वाचतं.