सूचना वही (माध्यमिक शाळा, कोल्हापूर)

सूचना वही : मुख्याध्यापकांनी काढलेली लेखी सूचना शाळेतील प्रत्येक शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यापर्यंत नेणारी आणि ती वाचल्याची सही घेणारी वही. महाराष्ट्रभरातल्या माध्यमिक शाळांत ती वापरात आहे. ही नोंद कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील प्रथेविषयी आहे. वहीच्या जोडीला शिक्षक सभा, शिक्षक खोलीतला फळा आणि अलीकडे मोबाइलवरचा गट असतो. शाळेत वर्षभर काय चालले आहे हे तिथल्या माणसांना कळते ते एवढ्याच वाटांनी.

वही हा दप्तरी प्रकार मानला जातो आणि म्हणून तिच्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. तिचा खरा संबंध शिक्षकांच्या हुरुपाशी आहे. जादा तास, पेपरांचे गठ्ठे, ऑनलाइन माहिती भरणे हे सगळे शिक्षक कुरकुरत का होईना उरकतात. आपल्या तासाविषयी, आपल्या पगाराविषयी, आपल्या पदाविषयी काही ठरले आणि ते चहाच्या गाड्यावर दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाकडून कळले, की मन उडते. मग कौतुकाचा शब्द आणि शिक्षक दिनाचे गुलाबपुष्प यांनी ते परत येत नाही.

वहीचे स्वरूप

साधारणतः फुलस्केप आकाराची, पुठ्ठा बांधणीची वही. वर दिनांक व सूचना क्रमांक, मग ‘सर्व शिक्षक बंधू-भगिनींना कळविण्यात येते की’ अशी ठरलेली सुरुवात, तीन-चार ओळींचा मजकूर, खाली मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. त्याखाली सेवाज्येष्ठतेने लिहिलेली नावे किंवा आद्याक्षरे. प्रत्येकासमोर सहीपुरती जागा. विद्यार्थ्यांसाठीची वही बहुतेक ठिकाणी वेगळी असते आणि ती वर्गात मोठ्याने वाचून दाखवली जाते.

वही फिरवण्याचे काम शिपाईमामांचे. तास चालू असताना मामा वर्गाच्या दाराशी थांबतात, शिक्षक खडू फळ्याच्या कडेला ठेवून दारापर्यंत येतात, अर्धी सूचना वाचतात, सही करतात आणि पुन्हा समीकरणाकडे वळतात. सही झाली म्हणजे सूचना पोहोचली असे दप्तर मानते. प्रत्यक्षात तासाच्या मध्यावर घेतलेली सही बहुधा नुसती सही असते. जाणते मुख्याध्यापक म्हणूनच वही मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीत ठेवतात किंवा शाळा भरण्याआधी मस्टरशेजारी उघडून ठेवतात. मस्टरवर सही करताना नजर आपोआप तिकडे जाते. बदल लहानसा आहे, पण त्याने वाचणाऱ्याला दोन मिनिटे मिळतात आणि शंका विचारायला समोर माणूस मिळतो.

रोजच्या ऑफ तासांची चिठ्ठी याच कुळातली. एखादे शिक्षक रजेवर असले की त्यांचे तास कुणी घ्यायचे हे पर्यवेक्षक सकाळी ठरवतात आणि फळ्यावर लिहितात. कोणत्याही शाळेतल्या निम्म्या रुसव्याफुगव्यांचे मूळ या चिठ्ठीत असते. तेच तेच नाव का येते, शेवटचा तास नेहमी गणिताच्याच माथी का, असे प्रश्न तोंडावर विचारले जात नाहीत. जिथे महिनाभरात कुणी किती ऑफ तास घेतले याचा तक्ता उघडा टांगलेला असतो, तिथे ही कुजबुज जवळजवळ थांबते.

पार्श्वभूमी

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. माध्यमिक शाळा खेडोपाडी पोहोचल्या त्या मात्र प्रामुख्याने स्वातंत्र्यानंतर, आणि पोहोचवल्या त्या खाजगी संस्थांनी. डॉ. बापूजी साळुंखे यांनी 1954 साली श्री स्वामी विवेकानंद शिक्षण संस्था उभी केली. भुदरगड तालुक्यात गारगोटीला मौनी विद्यापीठ निघाले, त्यामागे आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक होते. रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म हातकणंगले तालुक्यातल्या कुंभोजचा; त्यांच्या संस्थेच्या शाखाही जिल्ह्यात आहेत.

या इतिहासामुळे इथल्या हायस्कूल शिक्षकाच्या डोक्यावर दोन छत्रे आली. नेमणूक संस्था करते, पगार शासन देते. सेवाशर्ती महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी अधिनियम 1977 आणि त्याखालच्या 1981 च्या नियमावलीने ठरतात. शासन निर्णय मुंबईत निघतो, तो पुण्याच्या आयुक्तालयातून कोल्हापूरच्या विभागीय शिक्षण उपसंचालकांकडे, तिथून जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि शेवटी मुख्याध्यापकांकडे येतो. संस्थेची पत्रे वेगळ्या वाटेने येतात. दोन्ही वाटा मुख्याध्यापकांच्या टेबलावर मिळतात. कागद तिथेच दाबून राहिला, तर शिक्षकाला दुसरीकडे कुठे अधिकृतपणे विचारायला जागा नसते.

शिक्षक एकटा पडू नये हा विचार जे. पी. नाईकांच्या कामातही दिसतो. ते 1964–66 च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते आणि याच आयोगाने शाळा संकुलाची कल्पना मांडली. एका माध्यमिक शाळेभोवतीच्या प्राथमिक शाळांनी तिच्याशी जोडून घ्यावे, शिक्षकांनी एकत्र बसावे, अनुभव वाटून घ्यावेत, अशी ती योजना. प्राथमिक शिक्षकांना आज केंद्रशाळेच्या शिक्षण परिषदा आहेत. माध्यमिकला तेवढी घट्ट वीण नाही. विषय अध्यापकांच्या संघटना आणि मुख्याध्यापक संघ ती उणीव काही प्रमाणात भरून काढतात.

वर्षाचा क्रम

शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते. पहिल्या आठवड्यातली सहविचार सभा सर्वांत मोठी. वेळापत्रक, वर्गशिक्षकपदे, परीक्षा, सहल, सांस्कृतिक, क्रीडा आदी विभागांच्या जबाबदाऱ्या तिथे वाटल्या जातात. 26 जूनची शाहू जयंती जवळ असल्याने पहिले एकत्र काम लगेच समोर येते आणि नव्या शिक्षकाला जुन्यांमध्ये मिसळायला ते बरे पडते.

जुलै-ऑगस्ट हा कोल्हापुरात माहितीच्या कसोटीचा काळ. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. हे दोन आकडे शिक्षक खोलीत सगळ्यांना पाठ असतात, कारण शाळा भरणार की नाही ते पुष्कळदा त्यावर अवलंबून असते. कितीतरी शिक्षक शहरात राहतात आणि गगनबावडा, राधानगरी, पन्हाळा, शाहूवाडीकडे एसटीने किंवा दुचाकीने ये-जा करतात. सुट्टीचा निरोप सकाळची गाडी सुटल्यावर आला, तर माणूस पाण्याने बंद झालेल्या रस्त्यावर अडकतो. 2019 आणि 2021 च्या महापुरांत अनेक शाळांच्या इमारती पूरग्रस्तांच्या निवाऱ्याला दिल्या गेल्या. शिरोळ, करवीर तालुक्यांत तर काही शिक्षकांची स्वतःची घरे पाण्यात होती. अशा वेळी मुख्याध्यापकांकडून येणाऱ्या फोनचा पहिला प्रश्न ‘कामावर कधी येणार’ असा आहे की ‘घरचे सगळे सुखरूप आहेत का’ असा आहे, हे कर्मचारी वर्षानुवर्षे लक्षात ठेवतात. वहीत न मावणारा संवाद तो हाच.

सप्टेंबरात 5 तारखेचा शिक्षक दिन आणि त्याभोवती पुरस्कार. पुरस्कारासाठी स्वतःच प्रस्ताव तयार करावा लागतो, फायली जुळवाव्या लागतात. म्हणून खाली मान घालून शिकवणारे शिक्षक त्यात मागे राहतात. त्यांच्यासाठी शाळेच्या आतली दखल मोलाची. लॉगबुकात पाठ निरीक्षणाचा शेरा ‘समाधानकारक’ एवढाच न लिहिता ‘प्रकाशाच्या अपवर्तनाचा प्रयोग पाण्याच्या काचपेल्यातून दाखवला, मागच्या बाकावरचे दोघे उठून पुढे आले’ असे लिहिणारे मुख्याध्यापक असतात. असा शेरा शिक्षक घरी सांगतात.

दिवाळीनंतर सहली आणि स्नेहसंमेलनाची धांदल. जानेवारीपासून दहावीच्या सराव परीक्षा, मग प्रात्यक्षिके आणि बोर्ड. कोल्हापूर, सांगली व सातारा हे तीन जिल्हे राज्य मंडळाच्या कोल्हापूर विभागीय मंडळाखाली येतात. केंद्रसंचालक, परिरक्षक (प्रश्नपत्रिका सांभाळणारे), परीक्षेच्या खोलीवरचे पर्यवेक्षक, परीक्षक अशी कामे लागतात आणि त्याच वेळी शाळेत पाचवी ते नववीचे वर्ग चालूच असतात. या दिवसांत थकवा दिसतो. परीक्षक म्हणून कुणाला जावे लागेल याची कल्पना महिनाभर आधी मिळाली, तर निम्मा ताण उतरतो; शिक्षक घरचे कार्य, मुलांच्या परीक्षा, आईवडिलांचे दवाखाने त्याप्रमाणे लावून घेतात.

पगार, पद आणि पट

शिक्षकांना सर्वाधिक काळजी ज्या गोष्टींची, नेमक्या त्याच वहीत क्वचित येतात. पगार शालार्थ या शासनाच्या ऑनलाइन वेतन प्रणालीतून होतो. देयक वेतन पथकाकडे, म्हणजे पगारबिले पाहणाऱ्या शासकीय कार्यालयाकडे गेले का, कुठली त्रुटी निघाली, फरकाची बिले कुठे अडली हे लिपिकाला माहीत असते. त्याला रोज वेगवेगळ्या पंधरा जणांनी विचारायचे आणि त्याने वैतागून उत्तर द्यायचे, हे दृश्य नेहमीचे आहे. बिल सादर झाल्याची एक ओळ फळ्यावर लिहिली, तर ते टळते.

संचमान्यतेचा, म्हणजे शाळेच्या पदमंजुरीचा प्रश्न याहून बोचरा. मंजूर पदे विद्यार्थिसंख्येवर ठरतात. पट घटला की पद जाते आणि शिक्षक अतिरिक्त ठरून दुसऱ्या शाळेत समायोजित होतो. म्हणूनच मे महिन्याच्या उन्हात शिक्षक वाड्यावस्त्यांवर पालकांची दारे ठोठावताना दिसतात. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने निकष बदलले आणि कमी पटाच्या शाळांत धास्ती वाढली. शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला. अशा काळात मुख्याध्यापक गप्प राहिले, तर शिक्षक खोलीत रोज नवी अफवा जन्म घेते. आपला पट एवढा, मान्य पदे एवढी, सेवाज्येष्ठतेत शेवटी अमुक, असे सभेत सरळ मांडणे जड जाते. ते मांडले पाहिजे, असे या नोंदीच्या लेखकाचे ठाम मत आहे. वाईट बातमी माणूस सोसतो. अंधारात ठेवले जाणे त्याला अपमानाचे वाटते.

नव्याने लागलेल्यांची गोष्ट वेगळी. पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर जातात. माध्यमिकसाठी हे मानधन 2023 पासून दरमहा 18,000 रुपये आहे. अंशतः अनुदानित तुकड्यांवरचे शिक्षक त्याच खोलीत बसतात, तेवढेच तास घेतात आणि पगार मात्र अनुदानाच्या टप्प्याप्रमाणे अपुरा घेतात. एकाच टेबलावर डबा खाणाऱ्यांत एवढी तफावत असताना, निदान माहिती सगळ्यांना सारखी आणि एकाच वेळी मिळावी, ही किमान अपेक्षा. सेवेच्या बारा वर्षांनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि चोवीस वर्षांनंतर निवड श्रेणी मिळते. त्यासाठी प्रशिक्षणाची अट असते. प्रशिक्षणाच्या नोंदणीची मुदत कळली नाही म्हणून हक्क लांबल्याची तक्रार शिक्षकांकडून वरचेवर ऐकू येते.

शिक्षकेतर कर्मचारी या सगळ्यात हमखास विसरले जातात. लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक आणि शिपाई यांना सभेला बोलावण्याची पद्धत सगळीकडे नाही. शाळेतली बारीकसारीक खबर त्यांनाच आधी असते. कुठला मुलगा दोन दिवस डबा आणत नाही, कुठल्या वर्गाची खिडकी गळते, हे मामांनी सांगितल्यावर शिक्षकांना कळते.

शिक्षक सभा

सभा महिन्यातून एकदा, बहुधा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर होते. इतिवृत्ताच्या वहीत मागील सभेचे वृत्त वाचून कायम केले जाते, मग विषय. बहुतेक सभा एकतर्फी चालतात. मुख्याध्यापक बोलतात, बाकीचे घड्याळाकडे पाहतात. उठण्याआधी मुख्याध्यापक ‘कुणाला काही विचारायचे आहे का?’ म्हणतात आणि त्यावर कुणीच तोंड उघडत नाही. चांगल्या सभेची खूण साधी असते : मागच्या वेळी कुणी मांडलेल्या अडचणीचे काय झाले, याने ती सुरू होते. प्रयोगशाळेचा नळ दुरुस्त झाला, झाला नसेल तर का नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत सांगितले की पुढच्या वेळी लोक बोलतात.

मोबाइलवरचा गट

मार्च 2020 नंतर शाळा बंद असताना व्हॉट्सॲपचे गट अपरिहार्य झाले आणि शाळा उघडल्यावर ते राहिले. त्याच वर्षअखेरीस शासनाने खाजगी शाळांतील शिपाई पदांऐवजी भत्ता देण्याचा निर्णय घेतला. जुने मामा निवृत्त झाले की त्या जागी नियमित नेमणूक होत नाही. वही घेऊन वर्गावर्गांत जाणारे पायच कमी झाले आणि गटाचे महत्त्व आणखी वाढले.

गटाचा वेग वादातीत आहे. पुराच्या सकाळी त्याने अनेकांची फेरी वाचवली. तोटेही तितकेच खरे. रात्री दहाला ‘उद्या सकाळी अकरापर्यंत माहिती द्या’ असा निरोप येतो. वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली महत्त्वाचे पत्र गाडले जाते. दोन निळ्या खुणा दिसल्या म्हणजे समजले असे धरले जाते. एखाद्याची चूक सगळ्यांसमोर लिहून दाखवली जाते, आणि ते फार लागते. खोलीत बोलावून सांगितलेले बोल विरतात, गटावरचे राहतात. काही शाळांनी यावर घालून घेतलेला नियम चांगला आहे : शाळेच्या सूचनांचा गट वेगळा, त्यात फक्त मुख्याध्यापक व पर्यवेक्षक लिहिणार, संध्याकाळी सातनंतर आपत्ती सोडून काही नाही, आणि कुणाला समज द्यायची तर ती समोरासमोर.

वही तरीही बंद झालेली नाही. सेवेतून काढणे, पदावनती, बढती डावलणे यांविरुद्ध 1977 च्या अधिनियमाच्या कलम 9 खाली शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, आणि तिथे सूचना दिली होती की नाही हा मुद्दा निघाला की तारखेसह केलेली सही कामाला येते. म्हणून गटावर टाकलेली महत्त्वाची पत्रे छापून वहीत चिकटवणे आणि सगळ्यांच्या सह्या घेणे ही पद्धत काही शाळांतील लिपिकांनी स्वतःहून सुरू केली आहे.