कोलशेतच्या गॅलरीतली नीळ

ठाण्यात कोलशेत रोडच्या बाजूला ‘सँडोज बाग, ४००६०७’ असा पत्ता लिहिला जायचा. हे नाव फुलझाडांवरून आलेले नाही. सँडोज या स्विस कंपनीचा रंग-रसायनांचा कारखाना इथे होता. १८८६ मध्ये बाझेल शहरात ही कंपनी सुरू झाली, तेव्हा तिच्या पहिल्यावहिल्या मालात अलिझरीन निळा हा कृत्रिम रंग होता. तिकडे बाळकूमला कलर-केम ही रंगांचीच कंपनी होती. कारखाने गेले, जमिनी विकल्या गेल्या आणि त्या पट्ट्यात टॉवर आले. आता या भागातल्या गॅलऱ्यांत आणि गच्च्यांवर कुंडीत निळीचे झाड लावणारे हौशी लोक भेटतात. ज्या धंद्याने नीळ शेतातून हुसकून लावली, त्याच्याच जागेवर ती कुंडीतून परत येते आहे. मधल्या काळात काय घडले ते माहीत असेल तर कुंडीकडून काय अपेक्षा करावी हेही कळते.

आधी झाडाबद्दल. नीळ, म्हणजे इंडिगोफेरा टिंक्टोरिया, हे शेंगवर्गातले कमरेएवढे झुडूप. पाने शेवरीसारखी संयुक्त, फुले गुलाबीसर, शेंगा बारीक आणि किंचित वाकड्या. निळे असे त्यात काहीच दिसत नाही. पानांत इंडिकन नावाचे रंगहीन द्रव्य असते. पाला पाण्यात कुजू लागला की ते फुटते आणि हवेतला प्राणवायू मिळाला की त्याची नीळ होते. ही नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून रंगाऱ्याला ती आंबवून, चुन्यासारख्या अल्कलीत, पुन्हा पिवळट-हिरव्या विरघळत्या रूपात न्यावी लागते. कापड बाहेर काढताना हिरवे असते आणि वाऱ्यावर धरले की बघता बघता निळे होते. (गोकर्णाच्या फुलांनी कापड रंगवायला निघालेल्यांनी तो नाद सोडावा. तो रंग सरबताला शोभतो; कापडावर धुण्याला आणि उन्हाला टिकत नाही. धुण्याच्या पुडीतली नीळही झाडाची नव्हे, ते अल्ट्रामरीन हे कारखान्यात बनणारे रंगद्रव्य.)

ही किमया आपल्याकडे फार जुनी आहे. पंचतंत्रातला चंडरव कोल्हा कुत्र्यांना चुकवत शहरात शिरतो आणि धोब्याच्या निळीच्या रांजणात पडतो. अशी गोष्ट रचायला निळीने भरलेला रांजण ऐकणाऱ्यांच्या रोजच्या पाहण्यातला असावा लागतो. गंमत म्हणजे ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा एमआयडीसीत खरोखरच निळी कुत्री हिंडताना दिसली. कासाडी नदीकाठच्या एका कारखान्याच्या रंगाचा तो प्रताप होता आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला.

महाराष्ट्रात निळीने सूत रंगवणारी ‘निराळी’ नावाची स्वतंत्र जातच होती. नगर, पुणे, सोलापूरकडे त्यांची वस्ती. बागेत नीळ लावणे हा त्यांच्या कामाचा भाग नव्हता. त्यांचे कसब रांजण ‘जिवंत’, म्हणजे आंबता, ठेवण्यात होते. दक्षिणेत हे रांजण आंबवायला टाकळ्याचे बी वापरत. होय, तोच टाकळा, जो पावसाळ्यात ठाण्याच्या रस्त्याकडेला माजतो आणि ज्याची कोवळी भाजी आपण खातो.

मोगल काळात आग्र्याजवळच्या बयान्याची आणि अहमदाबादजवळच्या सरखेजची नीळ युरोपात जायची. पैसा एवढा होता की १६३३ मध्ये शाहजहानने त्या व्यापाराची मक्तेदारीच देऊन टाकली. ती फार टिकली नाही. युरोपात वोड या झाडाच्या निळ्या रंगावर जगणारे शेतकरी हवालदिल झाले. फ्रान्समध्ये चौथ्या हेन्रीने १६०९ मध्ये नीळ वापरणाऱ्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा ठरवली. तरी नीळ जिंकली. पुढे ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मळ्यांत गेली, आणि त्या वसाहती स्वतंत्र झाल्यावर इंग्रजांची नजर बंगालकडे वळली.

इथे एक साधी अडचण सगळ्याच्या मुळाशी आहे. कापलेला पाला टिकत नाही, काही तासांत हौदात पडावा लागतो. म्हणून इंग्रज मळेवाल्याची कोठी, म्हणजे नीळ काढायचा कारखाना, शेताला लागून हवी, आणि कोठीभोवतीच्या गावांनी ठरल्या वेळी नीळच द्यायला हवी. मग आधी उचल द्यायची, ती कधी फिटू द्यायची नाही, आणि भाताच्या उत्तम जमिनीत नीळ पेरायला लावायची. १८५९ मध्ये नदिया जिल्ह्यातल्या रयतेने नीळ पेरायला नकार दिला आणि वणवा पसरला. या जुलमावरच्या ‘नीलदर्पण’ या दीनबंधू मित्रांच्या नाटकाचे इंग्रजी भाषांतर छापून आणल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये एक महिना तुरुंग आणि हजार रुपये दंड झाला.

दरम्यान जर्मनीत आडोल्फ फॉन बायर १८८० च्या सुमारास नीळ प्रयोगशाळेत बनवून बसले होते, पण ती परवडत नव्हती. नॅफ्थलीनपासून कच्चा माल काढताना एक थर्मामीटर फुटला, पारा मिश्रणात सांडला आणि रखडलेली प्रक्रिया धावू लागली, असा तो प्रसिद्ध किस्सा. १८९७ मध्ये बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीची नीळ बाजारात आली. त्या वर्षी झाडापासून सुमारे १९,००० टन नीळ निघत होती. १९१४ पर्यंत ती हजार टनांवर आली.

धंदा बुडाल्यावर रयत सुटली असे वाटेल, तर तसे झाले नाही. बिहारमधल्या चंपारणमध्ये बिघ्याच्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत नीळ लावायची सक्ती होती, तिनकठिया. भाव कोसळल्यावर मळेवाल्यांनी त्या सक्तीतून ‘मोकळे’ करण्याचे पैसे मागितले: कुठे एकरकमी तावान, म्हणजे भरपाई, कुठे वाढीव सारा. गांधीजी एप्रिल १९१७ मध्ये तिथे पोचले ते या वसुलीच्या तक्रारी ऐकायला. निळीपेक्षा निळीतून सुटणे महाग पडले, हे मला या सगळ्या इतिहासातले सर्वांत संतापजनक प्रकरण वाटते. १९१८ च्या कायद्याने तिनकठिया संपली.

या एवढ्या लांबलचक कहाणीत परसातली नीळ कुठे ठळक दिसत नाही. घरगुती नीळ म्हणून जे आज ‘परंपरा’ या नावाने सांगितले जाते, ते बरेचसे नवीन आहे. पण एका बाबतीत गॅलरी कोठीपेक्षा सरस ठरते: कुंडीपासून बादलीपर्यंत दहा पावले, पाला शिळा व्हायचा प्रश्नच नाही.

प्रश्न आहे तो मापाचा. शंभर किलो हिरव्या पाल्यातून ढोबळमानाने पाव ते अर्धा किलो नीळ निघते. म्हणजे चार-पाच मोठ्या कुंड्यांचा पाला किलोभर भरला तर हाती चिमूटभर येईल. साडीचे स्वप्न नको, रुमालावर भागवावे. बी टणक असते, ते रात्रभर भिजवून जूनमध्ये पेरावे. ठाण्याच्या पावसात कुंडीत पाणी तुंबले तर रोपे कुजतात, म्हणून भोके मोठी आणि ऊन भरपूर हवे. फुले धरण्याच्या आधी, साधारण तीन महिन्यांनी, फांद्या कापाव्यात. झुडूप पुन्हा फुटते. पाला पाण्यात दाबून रात्रभर ठेवला की पाणी हिरवट-पिवळे होते, वर तांबूस चकाकी येते आणि सोसायटीत कुजबूज व्हावी इतका वास सुटतो. पाणी गाळायचे, थोडा चुना टाकायचा आणि मगाने उंचावरून ओतत घुसळत राहायचे. फेस आधी पांढरा, मग निळा, मग बसू लागतो. तळाचा गाळ कापडात गाळून वाळवला की झाली नीळ. उरलेला चोथा फेकू नये. बिहारमध्ये कोठीवरचा हा चोथा ‘सीठ’ म्हणून शेतात खताला जायचा. शेंगवर्गातला पाला असल्याने तो नत्राने भरलेला असतो. त्याच कुंड्यांत पुरला तरी चालतो.