लिनक्स कर्नलच्या ‘पॅच’मागचा इतिहास

लिनक्स कर्नलला, म्हणजे लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्याला, पहिल्यांदाच कोड पाठवणाऱ्याला तिथल्या काही अटी कालबाह्य वाटतात. बदल ईमेलने पाठवायचा, तोही पत्राला जोडलेली फाइल म्हणून नव्हे तर पत्राच्या मजकुरातच. एका पॅचमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळींच्या एका गठ्ठ्यात, एकच बदल ठेवायचा. तो का करावा लागला हे वर नीट लिहायचे आणि खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ म्हणून स्वतःच्या नावाची ओळ द्यायची. या अटी कोणी एका बैठकीत ठरवलेल्या नाहीत. त्यांतल्या बहुतेकींच्या मुळाशी एखादी जुनी अडचण किंवा भांडण आहे.

लॅरी वॉल यांनी १९८५ मध्ये ‘पॅच’ नावाचा छोटा प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. पुढे पर्ल ही भाषा घडवणारे ते हेच. दोन फायलींतला फरक दाखवणारा ‘डिफ’ हा प्रोग्राम युनिक्स या जुन्या संगणक प्रणालीत सत्तरच्या दशकापासून होता. वॉल यांच्या प्रोग्रामने तो फरक दुसऱ्याच्या प्रतीवर आपोआप चढवण्याची सोय केली, आणि ती प्रत मधल्या काळात थोडीफार बदललेली असली तरी आजूबाजूच्या ओळींवरून नेमकी जागा हुडकून काढण्याची करामतही तो करू लागला. अख्खा सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) पाठवण्याऐवजी बदललेल्या मोजक्या ओळी पाठवून भागू लागले. संथ मोडेमच्या काळात ही बचत मोठीच होती. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचे हे की, अनोळखी माणसाने केलेला बदल स्वीकारण्यापूर्वी तो सलग वाचून पाहता येऊ लागला.

हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स जाहीर केले आणि पुढच्याच वर्षी ते जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आणले, तेव्हा हीच रीत त्यांना आयती मिळाली. लोक पॅच पाठवत, टॉरवाल्ड्स वाचत, पटले तर आपल्या प्रतीवर चढवत. जुन्या-नव्या आवृत्त्यांची नोंद ठेवणारी कोणतीही प्रणाली ते त्यासाठी वापरत नव्हते. १९९८ पर्यंत हा भार एका माणसाला पेलेनासा झाला. पाठवलेले पॅच उत्तराविना गडप होत, पाठवणारे तेच पुन्हा पाठवत आणि त्यामुळे ढीग आणखी वाढत असे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात यावरून उघड वाद पेटला. अडचण कोड लिहिणाऱ्यांची नव्हती, वाचणाऱ्यांची होती. आणि छोट्या, एकाच कामापुरत्या पॅचचा आग्रह आजही त्याच कारणाने धरला जातो.

या वादातून पुढे आलेले लॅरी मॅकव्हॉय यांचे ‘बिटकीपर’ हे आवृत्त्यांची नोंद ठेवणारे साधन टॉरवाल्ड्स यांनी २००२ पासून वापरायला घेतले. ते खासगी मालकीचे होते आणि त्याच्या मोफत परवान्याला अटी होत्या; फुकट वापरणाऱ्याने प्रतिस्पर्धी साधनावर काम करायचे नाही, ही त्यांतलीच एक. मुक्त सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा प्रकल्प बंदिस्त साधनावर चालावा, हे अनेकांना खटकत होतेच. ‘सांबा’ या मुक्त सॉफ्टवेअरचे कर्ते अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलू शकणारा स्वतःचा प्रोग्राम तयार करण्याचा प्रयत्न केला, त्यावरून तंटा झाला आणि एप्रिल २००५ मध्ये मोफत वापराची सवलत संपुष्टात आल्याचे जाहीर झाले. टॉरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला स्वतःचे साधन लिहायला घेतले आणि ७ एप्रिलला त्या साधनाचा स्वतःचाच कोड त्यात नोंदवला गेला. हेच गिट. जुलैमध्ये त्याची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे गेली. गिटमध्ये बदल लिहिणारा आणि तो नोंदवणारा अशी दोन नावे वेगवेगळी का ठेवली जातात, असा प्रश्न नवशिक्याला पडतो. पॅच एकाने लिहायचा आणि दुसऱ्याने चढवायचा, या जुन्या रिवाजाची ती खूण आहे.

‘साइन्ड-ऑफ-बाय’ या सहीच्या ओळीची कथा मात्र न्यायालयातून सुरू होते. मार्च २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर खटला भरला आणि आपल्या मालकीचा युनिक्सचा कोड लिनक्समध्ये गेल्याचा दावा केला. कोणती ओळ कोणाकडून, कोणत्या हक्काने आली, याचा कागदोपत्री माग कर्नलपाशी सलग नव्हता. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणारी संस्था आपल्या अनेक प्रकल्पांसाठी लेखकांकडून स्वामित्वहक्कच लिहून घेत असे. पण हजारो हातांनी घडणाऱ्या, मालकी विखुरलेल्या कर्नलला तो मार्ग मानवण्यासारखा नव्हता. मे २००४ मध्ये टॉरवाल्ड्स यांनी हलका उपाय सुचवला : हा कोड मी स्वतः लिहिला आहे किंवा या परवान्याखाली तो देण्याचा मला अधिकार आहे, एवढे प्रत्येकाने एका ओळीत मान्य करावे, आणि पॅच ज्यांच्या हातांतून वर जाईल त्यांनीही आपापली ओळ खाली जोडावी. खटल्याचे शेपूट २०२१ पर्यंत रेंगाळले. ओळ कायम राहिली आणि इतर अनेक प्रकल्पांनीही ती उचलली.

२००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहब या गिटवर आधारलेल्या संकेतस्थळाने प्रत काढणे, बदल करणे आणि ‘पुल रिक्वेस्ट’ (बदल स्वीकारण्याची विनंती) धाडणे एका बटणावर आणून ठेवले, आणि आज बहुतेकांची कोड योगदानाशी ओळख तिथेच होते. टॉरवाल्ड्स यांनी मात्र २०१२ मध्ये गिटहबवरच्या पुल रिक्वेस्ट घेणार नसल्याचे सांगितले. पाठवणाऱ्याचा धड ईमेल पत्ताही त्यांत राहत नाही आणि बदलाची वर्णने वाईट असतात, अशी त्यांची तक्रार होती. कर्नलचे पॅच अजून ईमेलनेच फिरतात. कोणता भाग कोण सांभाळतो ते सांगणारी ‘मेंटेनर्स’ नावाची फाइल आणि पाठवण्यापूर्वी मांडणीतल्या चुका दाखवणारी ‘चेकपॅच’ ही स्क्रिप्ट, दोन्ही सोर्स कोडबरोबरच मिळतात.